मागाचं वय

कुठलीही वस्तू समोर आली की ते आधी तिच्यावर मधल्या बोटाचं पेर वाजवत. दोनदा. टेबल असो, तांब्या असो, कुणाच्या घराचा नवा दरवाजा असो. मग मान तिरकी करून जरा थांबत आणि विचारत, "वय किती याचं?"

आपण कौतुकानं सांगावं, "कालच आणलंय की!" तर ते त्या वस्तूकडे नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे पाहत आणि निकाल देत, "आणखी आठ वर्षं. अष्टे."

हे 'अष्टे' कानडी. म्हणजे 'एवढंच'. माणूस दुधनीचा. घरात कानडी, कचेरीत मराठी आणि ताळेबंदात इंग्रजी अशी त्यांची वाटणी होती. पण कुठल्याही भाषेत बोलले तरी शेवटी 'अष्टे' यायचंच, आणि ते आलं की पुढं कुणी काही विचारायचं नाही, हे आम्हाला ठाऊक झालं होतं. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल. नवी छत्री, नवं धोतर, नवा जावई, काहीही दाखवावं आणि पस्तावावं असा.

सोलापुरातल्या एका मधल्या चणीच्या कापड गिरणीत ते अकौंटंट होते आणि शेजारच्या टेबलावर मी पत्रव्यवहाराचा कारकून. गिरणीचं नाव सांगून उपयोग नाही, तिथं आता काही उरलेलं नाही. त्यांचंही नाव सांगत नाही. गिरणीत तरी कोण घेत होतं! देवडीवरच्या पहारेकऱ्यापासून बॉयलरवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'घसारे' म्हणत. बाहेरगावची माणसं ते आडनावच समजून पत्रावर घालत. ते निमूटपणे पत्र फोडत.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा काकूंनी पाण्याचं फुलपात्र दिलं. पिऊन उपडं केलं तर बुडाशी लाखेनं साल लिहिलेलं. पाटाखाली साल, छत्रीच्या दांड्यावर साल, जात्याच्या खुंट्यावरही साल. काकू म्हणाल्या, "अहो, माझ्याच पाठीवर तेवढं लिहायचं राहिलंय बघा." ते आतून म्हणाले, "तुझं साल पत्रिकेत आहे. दोनदा कशाला लिहायचं?" काकू हसल्या. तेव्हा त्या घरात हसणं होतं.

घसारा म्हणजे काय, हे मला तरी कुठं माहीत होतं? नवीन होतो तेव्हा मी एकदा त्यांना विचारलं, "गिरणीनं माग रोख पैसे मोजून घेतले. कुणाचं देणं नाही. मग दर वर्षी मागांपोटी एवढा खर्च कसला लिहिता?"

त्यांनी टाक खाली ठेवला. "शेती आहे तुमची?"

"टेंभुर्णीजवळ थोडी आहे. चुलते बघतात."

"बैल?"

"एक जोडी."

"बैल रोख पैसे मोजून घेतला. कुणाचं देणं नाही. दहा वर्षं राबला आणि मेला. आता?"

"दुसरा घ्यायचा."

"कशातून?"

"पिकाच्या पैशातून."

"दर वर्षी पिकातलं थोडं बाजूला ठेवलं असेल, तर त्यातून. तोच घसारा. नसेल ठेवलं, आलं तेवढं सगळं नफा म्हणून खाल्लं असेल, तर तुम्ही काय खाल्लं?" त्यांनी पेर वाजवलं. "बैल खाल्ला. सावकाश, दहा वर्षं बसून. अष्टे."

मी "शिव शिव" म्हणून कान धरले. त्या दुपारी माझा डबा काही मला जाईना. त्यांनी मात्र आपली ज्वारीची भाकरी शेंगाचटणीबरोबर शांतपणे चावून खाल्ली. ही बैलाची गोष्ट त्यांची आवडती होती. तीच पुढं त्यांच्या मुळावर येईल असं तेव्हा कुणाला वाटलं असतं!

गिरणी चालवायचा मक्ता एजंटसाहेबांकडे होता. त्या काळी तशी रीतच होती. लोकांना भाग विकायचे एजंटांनी, कारभार करायचा एजंटांनी, कमिशन घ्यायचं एजंटांनी, आणि वर्षाच्या सभेत हार घालून घ्यायचे तेही एजंटांनीच. एकदा साहेबांनी नवी मोटार घेतली. आवारात तिची पूजा झाली, आम्हाला पेढे वाटले. घसाऱ्यांनी मोटारीला एक फेरी घातली, तिच्या चाकावरच्या पत्र्यावर पेर वाजवलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "साहेब, आजपासून हिचा घसारा सुरू." साहेब हसले. पण हसू डोळ्यांत नव्हतं.

आता त्या बाईची गोष्ट सांगायला हवी. तिच्याशिवाय यांची गोष्ट होत नाही.

गिरणीनं विणकामाचा कारखाना वाढवला तेव्हा नवे भाग विकायला काढले. दलाल पेठापेठांतून हिंडले. साखर पेठेत तेलुगू विणकरांची घरं. घरोघर खड्ड्यातले माग, दिवसभर खटखट. तिथं एका वस्ताद दलालानं हाळी देऊन ठेवली होती, "घरचा माग विका, गिरणीत भाग घ्या!" यमक जुळलं की आपल्या लोकांना अर्धी गोष्ट पटतेच.

खंडेनवमीला गिरणी बंद असे. यंत्रं धुऊन पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालत, कामगारांच्या बायकापोरांना आत येऊ देत. अशा एका नवमीला एक म्हातारीशी बाई हळदीकुंकवाची कोयरी घेऊन थेट आमच्या कचेरीत आली. काटक बांधा, बोटांना खळीचा वाळलेला पापुद्रा. साखर पेठेतली. तिनं घसाऱ्यांपुढं उभं राहून, तेलुगूत वडीलधाऱ्याला म्हणतात तसं 'अय्या' म्हणून विचारलं, "अय्या, माजा माग कुटला?"

"कसला माग, अक्का?"

तिनं ओटीतून फडक्यात गुंडाळलेला कागद काढला. गिरणीच्या भागाचा दाखला. वर धूर सोडणाऱ्या चिमणीचं चित्र. "माग दिला आन् ह्यो घेतला. आता गिरनीतला माग दावा की. पूजा करायची हाय."

घसाऱ्यांनी चष्मा लावून दाखला वाचला. "अक्का, हा भाग आहे. भाग म्हणजे माग नव्हे."

"व्हय की. भाग घेतला, म्हंजी माग घेतला."

"तसं नाही. भाग म्हणजे सगळ्या गिरणीत तुमचा थोडा थोडा वाटा. इंजिनात थोडा, चिमणीत थोडा, ह्या माझ्या टेबलात पण थोडा."

बाईनं टेबलाकडं निरखून पाहिलं. "टेबलातनं लुगडं निघतंय व्हय?"

आम्ही सगळे खो खो हसलो. घसारेही हसले. मग हसता हसता त्यांनी विचारलं, "घरचा माग कुठं आहे तुमचा?"

"इकला न्हवं का. मालकांच्या हातचा हुता. त्यो इकला, कानातलं इकलं, तवा ह्यो कागद मिळाला."

मालक म्हणजे तिचा नवरा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मागावर एकटीचं पोट चालत होतं. कचेरीतलं हसणं थांबलं.

"दसरा झाल्यावर या, अक्का. बघतो," घसारे म्हणाले.

"आन् पूजा?"

बाईनं मग स्वतःच कोयरी उघडली आणि त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर हळदकुंकू वाहिलं. "ह्यात बी माजा वाटा हाय म्हनला न्हवं?" म्हणाली आणि गेली. ते कुंकू त्यांनी शिपायाला पुसू दिलं नाही.

दसरा झाल्याबरोबर ते एजंटसाहेबांकडे गेले. बाईचे पैसे परत करा, भाग माघारी घ्या, म्हणाले. साहेब म्हणाले, "कंपनीला स्वतःचेच भाग परत घेता येत नाहीत. भांडवल कमी होतं. कायदा आहे. हे तुम्हाला मी सांगायचं का?" सांगायची गरज नव्हतीच. त्यांना पाठ होतं. मग ते त्या दलालाकडे गेले. ज्यानं भाग विकला तोच आता निम्मी किंमत देत होता. निम्म्यात माग येत नव्हता, कानातलंही येत नव्हतं. तिच्याकडून स्वतःच भाग घ्यावा तर घरात मुलीच्या लग्नाचं कर्ज फिटायचं होतं. चार दिवस त्यांनी कशावर पेर वाजवलं नाही.

बाई पुन्हा आली. मला वाटलं, आता कायदा समजावतील. ते उठले, टोपी घातली आणि तिला घेऊन विणखात्यात निघाले. मी कुतूहलानं मागोमाग. शेकडो माग चालू, कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत कापसाची धूळ. रांगेच्या टोकाला खिडकीजवळच्या एका मागापाशी ते थांबले. त्याच्या लोखंडी चौकटीवर दोनदा पेर वाजवलं आणि ओरडून म्हणाले, "हा!"

"ह्यो?"

"हा तुमचा. वय सहा वर्षं. आणखी चौदा जाईल. अष्टे."

अर्ध्या आण्याची चूक सापडली तर पान फाडून पुन्हा लिहिणारा हा माणूस. त्यानं केलेली एकच खोटी नोंद मला ठाऊक आहे. तीही तोंडी.

तेव्हापासून दर खंडेनवमीला बाई यायची, मागाला कुंकू लावायची, नारळ फोडायची, आणि घसारे तिला मागाचं वय सांगायचे. यंदा एवढा झिजला, अमुक चाक बदललं, आणखी इतकी वर्षं जाईल. बाई सगळं ऐकून घ्यायची. माहेरच्या माणसाची खुशाली कळावी तशी मान डोलवायची. एरवीही घसारे वरचेवर जाऊन त्या मागाला तेल घातलंय का बघत. त्या मागावरचा विणकर पार वैतागला होता. गिरणीत मागाला साचा म्हणत आणि विणकराला साचेवाला. मला म्हणाला, "ह्यो साचा हाय का घरजावई? मला कंदी कुनी इचारत न्हाय, जेवलास का म्हनून!"

तीस सालच्या मार्शल लॉनंतरच्या वर्षांत बाजार बसला. कापसाचा भाव गेला, कापडाला गिऱ्हाईक मिळेना, गोदामात ठाणांवर ठाणं चढली. वर्षाचा हिशेब बांधायची वेळ आली तेव्हा एजंटसाहेबांनी घसाऱ्यांना बोलावलं. मी सहीसाठी पत्रं घेऊन तिथंच उभा होतो.

"यंदा घसारा धरू नका," साहेब म्हणाले. "माग खरेदीच्या किमतीलाच दाखवा."

"साहेब, माग म्हातारे झालेत."

"कायद्यात सक्ती आहे?"

ऑडिटर खुर्चीत बसले होते. त्यांनी मान हलवली. नाही. तेव्हा खरंच नव्हती.

"घसारा वजा केला तर नफा उरत नाही," साहेब म्हणाले. "नफा नाही तर डिव्हिडंड नाही. डिव्हिडंड नाही हे कळलं, की उद्या सकाळी लोकांची गिरणीत ठेवलेल्या ठेवी काढायला दारात रांग लागेल. गिरणी बसेल. ती बसवायची आहे तुम्हाला?"

साहेबांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असंही नाही. तेच तर वाईट होतं. त्यांचं कमिशन घसारा धरायच्या आधीच्या नफ्यावर ठरलेलं होतं, त्याला धक्का लागणार नव्हता, ही गोष्ट निराळी. ती त्या खोलीत कुणी बोललं नाही.

घसारे म्हणाले, "साहेब, त्या बाईचा एक भाग परत घ्या म्हणालो, तर भांडवल कमी होतं म्हणालात. आता तर आपण सगळ्यांना सगळ्यांचं भांडवल परत वाटतोय. आणि तेही नफा म्हणून."

"कोण बाई?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

घसाऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे ताळेबंद लिहिला. नोकरी होती, कर्ज होतं, आणि कायदा त्यांच्या बाजूनं उभा राहायला तयार नव्हता. माग काल आणल्यासारखे कोरे करकरीत दाखवले गेले. पुढच्या वर्षीही तसंच. खाली विणखात्यात आठवड्याला एखादा माग कायमचा बंद पडत होता, त्याचेच भाग काढून शेजारच्याला लावत होते, आणि वर कागदावर एकाही मागाचं वय वाढत नव्हतं. घसारे वाळत चालले. नवमीला बाईला मात्र ते खरं तेच सांगत. "अक्का, लई थकलाय. चौदा म्हणालो होतो, तेवढी जायचा नाही."

दुसऱ्या वर्षीची सभा गिरणीच्या आवारात मांडवाखाली भरली. भागधारकांना चहा, पेढे, गुलाबपाणी. पेन्शनर, मास्तर, अडतवाले, दोनचार वकील. कडेला बायकांसाठी जाजम, तिथं ही बाई. ती तोपर्यंत कधी सभेला आली नव्हती. ताळेबंद वाचून दाखवायचं काम घसाऱ्यांचं. त्यांनी तो एकसुरी आवाजात वाचला. साहेबांनी डिव्हिडंड जाहीर केला, टाळ्या झाल्या. "कुणाला काही विचारायचंय?" असं रिवाजाप्रमाणे विचारून साहेब बसणार, तोच बाई उठून उभी राहिली.

"माजा माग बरा हाय न्हवं?"

मांडव हसला. साहेबही खेळीमेळीनं म्हणाले, "ठणठणीत आहे, बाई! म्हणून तर डिव्हिडंड मिळतोय." पुन्हा हशा.

बाईनं साहेबांकडं पाहिलंच नाही. "अय्या, तुमी सांगा की."

मी घसाऱ्यांच्या मागच्याच बाकावर होतो. त्यांनी हातातला ताळेबंद खाली ठेवला, सवयीनं टेबलावर दोनदा पेर वाजवलं आणि म्हणाले, "बरा नाही, अक्का."

हशा थांबला.

"हा पैसा मागाची कमाई नाही. बैल म्हातारा झाला की दुसरा घ्यायचा असतो, त्यासाठी वर्षाला थोडं बाजूला ठेवायचं असतं. ते आम्ही ठेवलं नाही. तेच तुम्हाला वाटलंय. मागच्या वर्षीही तेच. मंडळी, आपण बैल खातोय."

मग पुढच्या रांगेतला एक अडतवाला ताडकन उठला. "काय म्हणाला हा? आम्ही बैल खातो?"

झालं! बेंदराला बैलाची शिंगं रंगवून त्याला पुरणपोळी चारणारी माणसं ती. मांडवात एकच गिल्ला उठला. खुर्च्या उलटल्या. एक म्हातारे मास्तर गळ्यातली माळ बाहेर काढून दाखवत "आम्ही माळकरी आहोत, माळकरी!" म्हणून ओरडत होते. घसारा, भांडवल, माग, सगळं त्या धुरळ्यात गेलं. घसारे हात वर करून "अहो, ऐका, म्हणजे तसं नव्हे," म्हणत राहिले. कुणी ऐकत नव्हतं. साहेबांना तर काही करावंच लागलं नाही. ते हात जोडून उभे राहिले आणि नोकराच्या वतीनं त्यांनी भागधारकांची माफी मागितली. डिव्हिडंड एकमतानं मंजूर झाला. मला अजून राग येतो. आपली मान कापली जातेय हे सांगणाऱ्याला लोकांनी खाली बसवलं, आणि सुरीवाल्याला हार घातला.

त्या गोंधळात ती बाई तेवढी जाजमावर बसून एकटक त्यांच्याकडं बघत होती.

दिवस मावळायच्या आत त्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी टेबलावरचं पुसट कुंकूही शिपायानं पुसलं. गावात बातमी अशी फिरली की अकौंटंटनं भरसभेत भागधारकांना गोमांस खाणारे म्हटलं. घरमालक स्वतः भागधारक. त्यानं खोली सोडायला सांगितलं. दुसऱ्या गिरण्यांत हे गेले, तिथं त्यांच्याआधी त्यांचं नाव पोचलं होतं. ज्या नावानं उभ्या जन्मात कुणी हाक मारली नव्हती, ते नाव आता सगळ्यांना पाठ होतं. काकू घरोघर शेवया आणि पापड करून देऊ लागल्या. मी अधूनमधून जात असे. ते पडवीत बसलेले असत. एकच विचारत, "खिडकीजवळचा चालू आहे का?"

आणखी दोन वर्षंही गिरणी टिकली नाही. एका सकाळी भोंगा वाजला नाही. आमच्या भागात चुली त्या भोंग्यावर पेटत. बायका कितीतरी दिवस पाणी तापवायचं थांबून कान देऊन उभ्या राहायच्या.

सरकारी लिक्विडेटर आला. पत्रं लिहायला त्यानं मला ठेवून घेतलं. म्हणून लिलावाच्या दिवशी मी तिथं होतो. माग चालू किमतीला घ्यायला कुणी आलं नाही. वजनावर गेले. भंगारवाल्यांची माणसं घण घालून बिडाच्या चौकटी फोडत होती. आवारात बैलगाड्या लागल्या होत्या.

ऊन चढल्यावर ते आले. छत्री घेऊन, बाईला बरोबर घेऊन. बाईच्या हातात तोच कागद. ती आता दुसऱ्याच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून पोट भरत होती.

"माजा माग मला नेऊ द्या की," ती लिक्विडेटरच्या माणसाला म्हणाली. त्यानं घसाऱ्यांकडं पाहिलं. समजावणं यांच्यावर आलं.

"अक्का, आधी बँकेचं देणं द्यायचं. मग कामगारांचं, मग ठेवीवाल्यांचं, मग व्यापाऱ्यांचं. त्यातून काही उरलं तर भागवाल्यांचं."

"काय उरतंय?"

"काही नाही."

"मंग ह्यो कागद कशापायी?"

"शेवटी उभं राहण्यापायी, अक्का."

ते दोघं आत गेले. मी लांबून मागं गेलो. खिडकीजवळचा माग अजून उभा होता, घणवाला शेजारच्यावर होता. घसाऱ्यांनी सवयीनं हात उचलला आणि पेर न वाजवताच खाली घेतला. मग बाईला म्हणाले, "अक्का, मी एक खोटं बोललो होतो. हा माग तुमचा कधीच नव्हता."

"ठावं हाय की," बाई म्हणाली. "ह्यावरल्या साचेवाल्यानं पयल्याच साली सांगितलं. पन तुमी वय सांगत हुता ते खरं हुतं न्हवं?"

"वय खरं होतं."

"मंग झालं."

तिनं कनवटीची पुडी काढून मागाला कुंकू लावलं. ती वेळ नवमीची नव्हती, काही नव्हतं. घणवाला घण टेकून थांबला होता. ती बाजूला झाल्यावर त्यानं काम सुरू केलं. तुकडे गाडीत भरले, बैल जुंपले आणि गाडी फाटकाबाहेर गेली. घसारे ती दिसेनाशी होईपर्यंत छत्री न उघडता उन्हात उभे होते.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. दुपारी छातीत कळ आली, वैद्य येईपर्यंत आटोपलं. खांदा द्यायला माणसं कमी पडली. बॉयलरवाला आणि तो वैतागलेला विणकर आले म्हणून बरं. माळ दाखवणारे मास्तर त्याच गल्लीत राहत होते. त्यांचं दार बंद होतं. त्यांचेही पैसे बुडाले होते, पण ते त्यांनी यांच्याच नावावर मांडले होते.

त्या वर्षी खंडेनवमीला मी काकूंकडे गेलो. एका खोलीचा संसार. भिंतीला छत्री, कोनाड्यात चार भांडी. काकूंनी पाटावर त्यांचा रेघा आखायचा रूळ आणि दौत मांडून ठेवली होती. दर नवमीला ते मांडत म्हणून.

दार लोटून ती बाई आत आली. हातात कोयरी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. ती पाटापुढं बसली, रुळाला हळद लावली, कुंकू लावलं. मग बोटाच्या पेरानं पाटावर दोनदा वाजवलं. अगदी त्यांच्यासारखं.

"वय किती हुतं अय्याचं?" तिनं काकूंना विचारलं.

"पन्नाशी व्हायची होती."

बाईनं रूळ पाटावर सरळ केला. "सभेत म्हनले हुते की, बैलापायी वर्साला थोडं बाजूला ठिवायचं. समदी वरडत हुती, पन मला तेवडं कळलं हुतं." मग मान वर करून म्हणाली, "ह्यांच्यापायी कुनी काय ठिवलं?"

काकूंनी खोलीभर नजर फिरवली. छत्री, पाट, बुडाशी सालं लिहिलेली ती चार भांडी.

"हे बघा, आहे ते," त्या म्हणाल्या. "अष्टे."